नगारखान्यापासून रिलेपर्यंत

आपण ज्याला ‘हॉर्न’ म्हणतो त्याचा मूळ अर्थ शिंग. इंग्रजीत गाईच्या डोक्यावरचं शिंगही हॉर्न आणि मोटारीचा भोंगाही हॉर्न. आपल्याकडेही हेच झालं आहे. रणशिंग हा शब्द घ्या. अबुल फज़लने ‘आईने अकबरी’त बादशाही नगारखान्यातली वाद्यं एकेक करून नोंदवली आहेत. त्यात नक्कारा आहे, दुहुल आहे, सुरना, नफीर आणि सांज आहे. सोन्या-चांदीचा, पितळेचा करना आहे आणि तो एका वेळी चारपेक्षा कमी वाजवत नसत. त्याच यादीत ‘सिंग’ नावाचं वाद्य आहे. गाईच्या शिंगाच्या आकाराचं, पण पितळेचं. दोन एकदम फुंकायचे. म्हणजे शिंगाचं पितळ व्हायला मोटारीची वाट पाहावी लागली नाही. हे काम आपल्याकडे साडेचारशे वर्षांपूर्वीच झालं होतं.

त्या यादीतून एक गोष्ट लक्षात येते. मोठा आवाज ही तेव्हा सोय नव्हती, तो दर्जा होता. नगारा वाजवायचा अधिकार बादशहाचा. एखाद्या मोठ्या सरदारावर मर्जी झाली की त्याला ‘अलम व नक्कारा’, म्हणजे निशाण आणि नगारा, बहाल होत असे. ज्याला तो मिळाला त्यानेही बादशहा समोर असताना वाजवायचा नाही, हा शिष्टाचार. रायगडावरचा नगारखाना आजही उभा आहे. नौबत झडली की खालच्या माणसाला कळायचं, वर सत्ता आहे आणि ती जागी आहे. ‘नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचे काय’ ही मराठी म्हण आणि ‘नक्कारखाने में तूती की आवाज’ ही उर्दू म्हण, दोन्ही एकाच अनुभवातून आल्या. आवाज ज्याचा मोठा, त्याचंच ऐकलं जातं.

मोटारीचा हॉर्न मात्र या घराण्यातला नव्हता. तो नेमक्या उलट्या कारणासाठी जन्माला आला.

इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालवायचं बंधन घातलं होतं. मागून येणाऱ्या गाडीची खबर तो पायी चालणाऱ्यांना आणि घोडेवाल्यांना देई. १८९६ मध्ये नवा कायदा आला आणि हलक्या मोटारींसाठी गाडीपुढे चालणारा हा माणूस गेला. त्याच्या जागी कायद्याने गाडीवर घंटा किंवा तसलं दुसरं साधन सक्तीचं केलं. अट एवढीच, की गाडी येत असल्याची ऐकू जाईल आणि पुरेशी असेल अशी सूचना त्यातून मिळाली पाहिजे. ‘पुरेशी’ हा शब्द ध्यानात ठेवा. हॉर्न हा चालकाचा हक्क म्हणून आला नाही, चालणाऱ्याप्रती असलेलं कर्तव्य म्हणून आला. रस्ता चालणाऱ्याचा होता, मोटार पाहुणी होती.

मुंबईत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या हिंदी मालकांपैकी एक. त्या वेळी शहराच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम होत्या आणि व्हिक्टोरिया होत्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. तिचा चालक पायाने घंटा वाजवायचा. व्हिक्टोरियावाल्याचीही घंटा पायाखालीच असे. या सगळ्या आवाजांत एक समान गोष्ट होती. वाजवायला शरीराचा काही भाग राबवावा लागे.

रबरी फुगा दाबून वाजणारा पितळी भोंगाही तसाच. जुन्या टॅक्सीच्या दारालगत लावलेला तो भोंगा आपण चित्रपटांत पाहिला आहे. फुगा जेवढा जोरात दाबाल तेवढी हवा, आणि जेवढी हवा तेवढा आवाज. दहा वेळा दाबला तर हात दुखणार. जर्मनीत झाली विंडम्युलर नावाच्या ज्यू उद्योजकाने १८९९ मध्ये लिपश्टाट इथे जो कारखाना काढला, त्यात असे फुग्याचे भोंगे आणि गाड्यांचे दिवे बनत. आज जगभर ‘हेला’ या नावाने हॉर्न आणि दिवे विकणाऱ्या कंपनीचं ते मूळ.

१९०८ च्या सुमारास अमेरिकेत क्लॅक्सन बाजारात आला. मिलर रीस हचिसन या संशोधकाची ही करामत. विजेच्या मोटरवर दातेरी चाक फिरायचं, ते पत्र्याच्या पडद्यावरच्या खुंटीला घासत जायचं आणि तो प्रसिद्ध ‘आऽऽऊगा’ आवाज निघायचा. नावही ग्रीकमधल्या किंचाळण्याच्या क्रियापदावरून घेतलेलं. इथे हॉर्नच्या इतिहासाला वळण लागलं. आता बोट टेकवलं की काम झालं. आवाज आणि मेहनत यांचा संबंध तुटला.

दाबलेल्या हवेचा भोंगा, म्हणजे आजचा एअर हॉर्न, पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये पोचला होता. विषारी वायूचा हल्ला आला की ब्रिटिश फौजा ‘स्ट्रॉम्बॉस’ नावाचा भोंगा वाजवत. दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांवर तो चालायचा आणि मैलोन् मैल ऐकू जायचा. जीव वाचवायला काही क्षणच हातात असतील, तेव्हासाठी तो आवाज होता.

पुढे तो ट्रकवर आला, त्यालाही कारण होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. तेच तंत्र नंतर अवजड वाहनांत आलं. ब्रेकसाठी गाडीत हवेची टाकी आलीच, मग त्यातून एक नळी भोंग्याला जोडणं सोपं होतं. याचा एक घातक परिणाम उत्तर अमेरिकेत दिसला. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली तेव्हा त्यांना एका सुराचे एअर हॉर्न बसवले गेले. फाटकावर लोकांना वाटायचं ट्रक येतो आहे, आणि यायची रेल्वे. कॅनडाच्या रॉबर्ट स्वॉन्सनने मग अनेक सुरांचा, जुन्या शिट्टीची आठवण करून देणारा रेल्वे हॉर्न घडवला. फाटकावरच्या माणसाला आवाज किती मोठा यापेक्षा तो कुणाचा आहे हे कळणं गरजेचं होतं.

हा सगळा इतिहास मी उकरून काढला तो भाच्यामुळे. तो भिवंडीहून रोज नाशिक महामार्गावर गाडी चालवतो. भाड्याची नाही, हप्त्यावर घेतलेली स्वतःची गाडी. मध्यंतरी तो एक खोकं घेऊन आला. आत दोन लाल भोंगे, एक लहान एक मोठा, हवेचा छोटा पंप, नळीचा तुकडा आणि रिले. ‘मामू, तुम्हाला वायरिंग कळतं. दोघं मिळून बसवू. ट्रकवाले आपल्या पिपाणीला भीक घालत नाहीत. आवाज नसला की रस्त्यावर कुणी माणूस समजत नाही.’

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते फक्त रस्त्यापुरतं नव्हतं.

बसवायचं काम खरोखर अवघड नाही. पंप उभा आणि भोंग्यांच्या जवळ बसवायचा, नळी जितकी आखूड तितका आवाज लवकर. भोंग्यांची तोंडं किंचित खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. पंपाला पंधरा-वीस अँपिअर करंट लागतो आणि स्टिअरिंगवरच्या बटणाची बारीक वायर तेवढा सोसत नाही, ती तापून जळते. म्हणून मध्ये रिले. त्याच्या ८५ आणि ८६ या टोकांना जुन्या हॉर्नच्या वायरी. जुन्या हॉर्नला एकच वायर असेल तर दुसरं टोक बॉडीला. ३० या टोकाला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. ८७ वरून पंपाला. पंपाचं दुसरं टोक बॉडीला, रंग खरवडून घट्ट. बटण दाबलं की रिलेच्या गुंडाळीतून पाव अँपिअरहूनही कमी करंट वाहतो आणि पलीकडे वीस अँपिअरचा दरवाजा उघडतो. पंप हवा ढकलतो, हवा भोंग्याच्या बुडाशी असलेला पातळ पडदा थरथरवते. भोंगा लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा.

फुग्याच्या भोंग्यात हात आणि आवाज यांचं नातं होतं. रिलेमध्ये ते उरतच नाही. आपण करतो ती मेहनत बोटाच्या टोकाएवढी आणि समोरच्याच्या कानावर पडतं ते नगारखान्याएवढं.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम अनेक सुरांच्या हॉर्नला आणि अवाजवी कर्कश, मोठा किंवा घाबरवणारा आवाज काढणाऱ्या साधनाला मनाई करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये गाड्यांमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. २०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरींनी हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचे सूर आणण्याचा विचार बोलून दाखवला. म्हणजे दुखणं सगळ्यांनाच ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. ज्या ट्रकवाल्यासाठी तू भोंगा लावतोस तो उंच केबिनमध्ये, इंजिनच्या घरघरीत, गाणी लावून बसलेला आहे. समोरचा कारवाला काचा लावून एसीत आहे. तुझा आवाज त्यांच्यापर्यंत निम्माशिम्मा पोचतो. पूर्ण पोचतो तो ज्याच्या आणि भोंग्याच्या मध्ये काच नाही त्याच्यापर्यंत. सायकलवाला, हातगाडीवाला, चौकातला हवालदार, आईचं बोट धरून मदरशातून किंवा शाळेतून घरी चाललेलं पोर. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. आपल्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या तू जाणतोस. खिडकी गाडीपासून हातभर लांब असते आणि खिडकीआड कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कुणी आजारी असतं.

तो म्हणाला, ‘मग मी चिरडून घ्यायचं का?’

प्रश्न रास्त होता. महामार्गावर ऐकू न जाणारा हॉर्न हा शिष्टाचार नव्हे, धोका आहे. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. खोकं परत गेलं. त्याच्या जागी गोगलगायीच्या आकाराचे, प्रमाणित, जाड आणि बारीक अशा दोन सुरांचे विंडटोन हॉर्न आणले. हे दोन सूर एकदम वाजतात, एकामागून एक नाही. पंप नाही, नळी नाही, पण दोन्ही मिळून दहा अँपिअरच्या आसपास खेचतात, म्हणून रिले आणि फ्यूज तसाच, वायरिंगही तेच. भारतात कारच्या हॉर्नला सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबलपर्यंतची मुभा आहे. ती काही थोडीथोडकी नाही. भाच्याची जुनी पिपाणी पाण्याने गंजून अर्धमेली झाली होती, हेही बंपर उतरवल्यावर दिसलं. त्याला आवाज हवा होता तो बराचसा त्याच्या हक्काचाच होता, फक्त गंजला होता.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. ‘अलम व नक्कारा’मधला अलम तेवढा उतरला. नक्कारा अजून रस्त्यावर आहे, आणि आता तो बहाल करायला कुणा बादशहाची गरज उरलेली नाही; स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. दर्जा नसलेल्या माणसाला तो विकत घ्यावासा वाटतो, हे मला समजतं. ज्याला कुणी ऐकत नाही तो आवाज वाढवणारच. पण नगारखान्यात प्रत्येकाने नगारा घेतला तर टिमकीवाला आणखीनच दबतो, आणि पायी चालणारे, हातगाडी ढकलणारे आपलेच लोक या शहरात टिमकीवालेच आहेत.

१८९६ च्या त्या कायद्यातला एक शब्द मला आजच्या सगळ्या डेसिबलपेक्षा नेमका वाटतो. सूचना पुरेशी हवी. आणि पुरेशी किती, हे बटणावर बोट असलेल्या माणसाने नाही, रस्त्यावरून चालणाऱ्याने ठरवायचं आहे.