सामायिक फोल्डर आणि वापरकर्त्यांचे प्रवेशाधिकार

सामायिक फोल्डर, नेटवर्क स्टोरेजवरील : कार्यालयातल्या अनेक संगणकांना एकाच ठिकाणच्या फाइली वापरता याव्यात म्हणून लॅनवरच्या साठवण-यंत्रात उघडलेला फोल्डर. हे यंत्र बाजारात ‘नास’ म्हणून विकले जाते. फोल्डर कोणी नुसता पाहावा, कोणी त्यात बदल करावा आणि कोणाला तो दिसूही नये, हे ठरवणे म्हणजे प्रवेशाधिकार देणे.

उदाहरणार्थ, वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातले लघुउद्योगांचे जुने गाळे घ्या. गाळ्याच्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात हिशेबनीस, ड्रॉइंगवाला, स्टोअरकीपर आणि मालक एवढीच माणसे असतात. पगारी संगणक-तज्ज्ञ परवडत नाही. बाहेरचा हार्डवेअरवाला येतो, यंत्र जोडतो आणि घाईत असला तर सगळ्यांना सगळे उघडून जातो. काम अडत नाही, तक्रार होत नाही, म्हणून ही मांडणी वर्षानुवर्षे टिकते.

फाइली जाळ्यातून वाटून घेण्याची एसएमबी ही नियमावली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी १९८३ च्या सुमारास रचली आणि मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये रुजवली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे लिनक्सच्या यंत्रांनाही ती वापरता आली. सिनॉलॉजी, क्यूनॅप या तैवानी कंपन्यांची यंत्रे लिनक्स व सांबा यांच्यावरच चालतात.

अधिकार माणसाला न देता गटाला द्यावा, हा या कामातला मुख्य नियम. लेखा, ड्रॉइंग, स्टोअर असे गट करून फोल्डर गटाच्या नावे करायचा आणि माणूस गटात घालायचा. त्याचे काम बदलले की फक्त गट बदलतो. अधिकार बहुधा तीन प्रकारचे : वाचन, वाचन-लेखन आणि मनाई. यांतल्या मनाईने जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. सिनॉलॉजीत ‘युझर्स’ या गटात प्रत्येक खाते आपोआप येते. लेखा फोल्डर बाकीच्यांना दिसू नये म्हणून कोणी या गटापुढे मनाईची खूण केली, की हिशेबनीसही बाहेर पडतो. तो दोन्ही गटांत असतो आणि मनाई परवानगीवर मात करते. खरे तर तिथे कोणतीच खूण करायची नसते. परवानगी दिली नाही एवढ्यानेच दार बंद राहते. परवानगी नसलेले फोल्डर यादीतून लपवण्याची सोयही असते, ती चालू ठेवावी.

विंडोज सर्व्हरवर शेअरची परवानगी आणि डिस्कवरची एनटीएफएस परवानगी अशा दोन पातळ्या असतात. दोहोंतली जी कडक, ती लागू होते. गट बदलल्यावर वापरकर्त्याला लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. एकाच संगणकावरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडू पाहिल्यास विंडोज १२१९ क्रमांकाची चूक दाखवते. पासवर्ड बरोबर असताना ‘आत घेत नाही’ अशी ओरड होते, तेव्हा हे आधी तपासावे.

नुसत्या आडनावावरून खाते काढण्याची रीत वसईत चालत नाही. परेरा, डिमेलो, पाटील, म्हात्रे एकेका ऑफिसात दोन-तीन निघतात. नावाचे आद्याक्षर जोडूनही कधी भागत नाही. फाइलींना देवनागरी नावे देता येतात, पण त्यांत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी तीन बाइट घेतात. लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हे. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या सामायिक फोल्डरात ती १४३ बाइटांवर, म्हणजे ४७ चिन्हांवर येते, आणि लांब नावाची फाइल कॉपी होता होता अडते.

टॅली या लेखा-सॉफ्टवेअरचा डेटा सामायिक फोल्डरात ठेवला, तर टॅली वापरणाऱ्या प्रत्येकाला त्यावर लेखनाधिकार द्यावा लागतो. मग टॅलीच्या आतला पासवर्ड कितीही कडक असला तरी एक्सप्लोररमधून अख्खा फोल्डर पुसता येतो. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे लेखा-सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. फोल्डरच गेला तर तो मागही त्याच्याबरोबर जातो. म्हणून अशा फोल्डरचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, रोज घ्यावेत आणि ते पुसण्याचा अधिकार फक्त प्रशासकाकडे असावा.

जुनी झेरॉक्स-स्कॅनर यंत्रे स्कॅन केलेली फाइल फोल्डरात टाकायला एसएमबीची पहिली आवृत्ती मागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीच्या भगदाडातून पसरला, तरी स्कॅनरसाठी ती आजही चालू केली जाते. त्यापेक्षा स्कॅन ईमेलने घ्यावा. नव्या स्कॅनरलाही स्वतंत्र खाते आणि फक्त स्कॅनच्या फोल्डरात लेखनाधिकार द्यावा. घरून किंवा सीएच्या ऑफिसातून फाइली हव्या असल्यास राउटरवर पोर्ट उघडू नये, व्हीपीएन वापरावे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या अशाच खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप यंत्रेच गाठली होती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. सगळे ऑफिस ‘ऑफिस’ या एकाच खात्यातून शिरत असेल, तर त्या लॉगवरून काहीच कळत नाही. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पण लगेच पुसू नये. लिनक्समध्ये फाइलचा मालक नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेला असतो. तोच क्रमांक पुढे नव्या खात्याला मिळाला, तर जुन्याच्या फाइली नव्याच्या मालकीच्या होतात. प्रशासक-खात्याचा पासवर्ड बहुतेक गाळ्यांत हार्डवेअरवाल्यापाशीच असतो. तो मालकाने स्वतःकडे घ्यावा आणि हार्डवेअरवाल्याला वेगळे प्रशासक-खाते काढून द्यावे, म्हणजे त्याने केलेले बदल लॉगमध्ये त्याच्याच नावावर दिसतात.