विंटर गार्डन, शेफील्ड
इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या मध्यभागी असलेले सार्वजनिक हरितगृह.  उद्‌घाटन राणी एलिझाबेथ दुसरी यांनी २००३ मध्ये केले. वास्तुरचना प्रिंगल रिचर्ड्‌स शॅरट या संस्थेची. लांबी सुमारे ७० मी., रुंदी २२ मी. मिलेनियम गॅलरी या कलादालनाला ते जोडलेले असल्याने लोक येथून ये-जा करतात, बाकांवर डबा उघडून बसतात. तिकीट नाही. ही वाट नसती, तर ते एक देखणे काचघर एवढेच राहिले असते.

साखळी दोन टोकांना धरून लोंबती सोडली की जो बाक येतो, तो उलटा करून येथील कमानी घडवल्या आहेत. असा आकार स्वतःचे वजन मुख्यतः दाबाच्या रूपाने जमिनीकडे पोहोचवतो, त्यामुळे सडपातळ लाकूडही पुरते. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या या कमानी लार्च वृक्षाच्या आहेत. हे लाकूड मुळातच टिकाऊ. त्याला रंग-रोगण लागत नाही आणि काळानुसार ते रुपेरी करडे होते. दमट हवेत पोलाद गंजते, हा मुद्दाही येथे लाकडाच्याच बाजूचा. पोलादासाठी जगभर नाव असलेल्या शहराने लाकूड निवडावे, ही गंमत मात्र उरतेच.

थंडीत झाडे गोठू नयेत इतपतच ऊब दिली जाते; ती कचरा जाळून मिळणाऱ्या उष्णतेवर चालणाऱ्या शहराच्या सामायिक उष्णताजालातून येते. वृक्षनेचे, ताड, नॉरफॉक पाइन अशी सुमारे अडीच हजार झाडे येथे आहेत.