टाकलेले आणि वाया गेलेले

पुणे जिल्ह्याच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे एक लहानसे गाव आहे. गडाच्या पद्मावती माचीवर चढून जाणारी एक वाट ह्याच गावातून निघते. पावसाळ्यात येथे आभाळ अक्षरशः कोसळते, आणि पुढले सात-आठ महिने डोंगराचे उघडे कातळ उन्हात तापत राहतात. पाणी आले तसे गुंजवणीतून नीरेकडे वाहून जाते; ऊन आले तसे सायंकाळी मावळून जाते. जे विपुल आहे ते हाती राहत नाही आणि जे हवे ते मिळत नाही, ही सह्याद्रीच्या खोऱ्यांची जुनीच तक्रार आहे. मात्र ह्याच गडावर एका काळी राजधानी नांदली, शेकडो माणसे वर्षानुवर्षे राहिली. त्यांनी कातळ फोडून टाकी केली, तलाव बांधला आणि वाहून जाणारे पाणी अडविले.

गडावरचा हा संसार कसा चालवावा, ह्याविषयीचे शिवकालीन शहाणपण रामचंद्रपंत अमात्यांनी इसवी सन १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात उतरले आहे. राजनीतीचा हा ग्रंथ पाण्याच्या टाक्यांइतक्याच गांभीर्याने केरकचऱ्याचाही विचार करतो, ही गोष्ट आजच्या वाचकास नवलाची वाटेल. गडावरचा केर खाली लोटून देऊ नये, तो जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात घालावी आणि तीवर घरोघर भाजीपाला करावा, असा त्यातील आशय आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत, कारण लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असेही अमात्य बजावतात. जे टाकावयाचे त्याचेच अन्न करावे आणि जे वाढावयास पिढी लागते ते क्षणात संपवू नये, ही त्या आज्ञांमागील दृष्टी. तिला त्या काळी शास्त्र असे नाव नव्हते. पुढे यंत्रयुग आले, आणि वाया जाणारे ऊन व टाकलेली घाण ह्या दोहोंस कामाला लावण्याचे प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवरच झाले. त्यांतील काही सिद्ध होऊनही विस्मृतीत गेले, काही फसूनही टिकले. असे का व्हावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पहिला प्रयोग मुंबईचा. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी कापडाच्या गिरणीची उभारणी आरंभिली आणि पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईत धुराड्यांचे रान उठले. कापूस वऱ्हाड-खानदेशचा, मजूर कोकण-घाटावरचा. परंतु ज्याच्यावाचून चाक फिरत नाही तो कोळसा बहुतांशी विलायतेहून आगबोटीने यावयाचा. साहजिकच इंधन महाग पडे. ह्या काळी मुंबईत विल्यम अॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ सरकारी नोकरीत उपनिबंधकाच्या हुद्द्यावर होते. ते व्यवसायाने इंजिनिअर नव्हते. परंतु फ्रान्सातील तूर येथील गणिताचे शिक्षक ऑगस्टीन मूशो ह्यांनी सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे इंजिन चालविल्याची हकीकत त्यांच्या वाचनात आली, आणि त्यांच्या मनाने त्या कल्पनेचा ध्यास घेतला. फ्रान्सात जे घडले ते ह्या रखरखीत उन्हाच्या देशात का घडू नये?

मूशोंच्या यंत्रातील उणीव अॅडम्सांनी अचूक हेरली. मूशोंचा आरसा धातूच्या एकाच मोठ्या, उलट्या छत्रीसारख्या पत्र्याचा होता. असा पत्रा घडविणे खर्चाचे, त्याची झिलई लवकर काळवंडते, आणि अर्ध्या अश्वशक्तीच्या पलीकडे जावयाचे तर छत्री इतकी अवजड होते की सूर्यामागे तिला फिरविणेच अशक्य. अॅडम्सांनी ह्यावर काढलेली तोड साधी होती. एका मोठ्या वाकड्या आरशाऐवजी त्यांनी पारा लावलेल्या काचेचे पुष्कळसे लहान, सपाट आरसे घेतले. प्रत्येक आरसा १७ इंच लांब व १० इंच रुंद. ते एका मोठ्या चौकटीवर अशा कलाने बसविले की प्रत्येकाचा कवडसा एकाच ठिकाणी पडावा. एक कवडसा भिंतीवर पडला तर मुलांचा खेळ होतो. दहा कवडसे एकावर एक पडले तर हाताला चटका बसतो. अॅडम्स एकेक आरसा वाढवीत गेले आणि उष्णता मोजीत गेले. सुमारे १२०० अंश फॅरनहाइट उष्णतेसाठी ७२ आरसे लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. कवडशांच्या त्या संगमावर लाकडाचा तुकडा धरताच त्याने पेट घेतला.

बाष्पपात्र एका जागी स्थिर ठेवावयाचे आणि आरशांची चौकट तेवढी अर्धवर्तुळाकार रुळावरून सूर्यामागे सरकवावयाची, ही त्यांच्या रचनेतील दुसरी खुबी. हे काम एक मजूर दिवसातून तीन-चार वेळा हात लावून करू शके. एखादी काच फुटली तर तेवढीच बदलावयाची. १८७८ च्या अखेरीस अॅडम्सांनी उभारणीला हात घातला आणि आपल्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन निव्वळ उन्हावर एक पंधरवडाभर चालवून दाखविले. लष्कराचे अधिकारी, बांधकाम खात्याचे चिटणीस, न्यायाधीश आणि मोठमोठे गिरणीमालक हा चमत्कार पाहावयास आले होते. सर्वांनी वाहवा केली. कोळशाशी सरळ सामना करणे ह्या यंत्रास जमणार नाही, पण जोडीला म्हणून त्याचा उपयोग होईल, असा इंजिनिअर मंडळींचा अभिप्राय पडला.

अॅडम्सांनी सूर्यचूलही केली होती. लाकडी नरसाळ्याला आतून आरसे लावलेले, मध्ये तांब्याचे भांडे आणि भांड्यावर काचेचे झाकण, अशी तिची घडण. मुंबईतील अत्यंत थंड अशा जानेवारी महिन्यात सात शिपायांची मांस व भाज्यांची शिधासामग्री ह्या चुलीवर दोन तासांत शिजली, असे त्यांनी १८७८ साली प्रसिद्ध केले. उष्ण देशांत इंधनाची जागा सूर्याची उष्णता कशी घेऊ शकेल, ह्यावर त्याच साली त्यांचे पुस्तकही निघाले.

आणि पुढे? पुढे काही नाही. पंधरवडा संपला, पाहुणे आपापल्या कचेऱ्यांत परतले आणि आरशांची चौकट इतिहासजमा झाली. गिरण्यांनी कोळसाच जाळला. तशीच गत १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ सूर्याच्या उष्णतेवर पाण्याचे पंप चालविणाऱ्या फ्रँक शूमन ह्या अमेरिकन इंजिनिअराच्या योजनेची झाली. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि त्यानंतर खनिज तेलाचे युग आले. स्थिर बाष्पपात्रावर भोवतालच्या अनेक सपाट आरशांनी कवडसे एकवटण्याची हीच कल्पना १९८२ साली कॅलिफोर्नियातील १० मेगावॅटच्या विद्युत्केंद्रात प्रचंड प्रमाणावर साकार झाली. मुंबईतील एका बंगल्याच्या आवारात जे सिद्ध झाले होते, त्यास शंभरांहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली.

दुसरा प्रयोगही मुंबईचाच, परंतु त्यास पाहावयास न्यायाधीश आले नसावेत. माटुंग्यास १८९० साली निराधार महारोग्यांसाठी आश्रम स्थापन झाला होता. ज्यांना घरानेही टाकले आणि गावानेही टाकले, अशा माणसांची ती वस्ती. तेथील मैला बंद टाकीत साठवून, तो कुजताना निघणारा वायू गोळा करून त्याचा उजेडासाठी उपयोग करण्याची योजना १८९७ साली अमलात आली. मैल्यापासून मिळालेला वायू कामी लावल्याचे जगातील जे अगदी आरंभीचे दाखले दिले जातात, त्यांत माटुंग्याचे नाव अग्रभागी आहे. समाजाने टाकलेल्या माणसांच्या टाकलेल्या द्रव्यातून दिवा लागावा, ह्यातील मर्म ज्याचे त्याने जाणावे.

त्यामागील शास्त्र समजावयास कठीण नाही. हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजू लागला की काही सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात आणि मिथेन नावाचा ज्वलनशील वायू मोकळा होतो. उरतो तो रेंदा, आणि त्यात झाडांस लागणारे नत्र कायम असते. म्हणजे एकाच घाणीतून चुलीस जाळ आणि शेतास खत अशी दुहेरी प्राप्ती होते. शेणाच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यास लवकर पटली. परंतु मैल्याचे नाव निघताच नाके मुरडली जात, कारण त्या द्रव्याशी केवळ दुर्गंध नव्हे तर अस्पृश्यतेचे पाप जोडलेले होते. घाण करणारा एक आणि ती डोक्यावर वाहणारा दुसरा, अशी ती व्यवस्था. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी नेमक्या ह्याच ठिकाणी बोट ठेविले. कणकवलीस १९४८ साली स्थापन केलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे निर्मळ खत करण्याचे प्रयोग चालविले. यंत्ररचना नीट असेल तर माणसाने माणसाचा मैला वाहण्याचे कारणच उरत नाही, हा त्यांच्या कार्यातील सामाजिक अर्थ होता.

ह्याच परंपरेतील तिसरी हकीकत पुणे जिल्ह्यातील देहूची. १९५९ साली डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे तरुण डॉक्टर देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. संतश्रेष्ठ तुकाराम महाराजांच्या ह्या गावी तेव्हा शौचकूपांची सोयच नव्हती. औषधाने बरा झालेला रोगी त्याच दूषित पाण्याने आणि मातीने पुन्हा आजारी पडतो, हे ध्यानी येताच डॉक्टरांनी गावकऱ्यांस समजावून दहा संडास बांधविले. पहिल्याच पावसाने ते सर्व कोसळले.

ह्या ठिकाणी बहुतेक माणसे बदली मागतात. मापुसकरांनी मागितली नाही. रचना का कोसळली, जमीन कशी आहे, पाणी कोठे मुरते, ह्याचा अभ्यास त्यांनी स्वतः आरंभिला. आप्पासाहेब पटवर्धनांच्या कार्याचा त्यांस आधार मिळाला. वैद्यकीचे शिक्षण घेतलेला मनुष्य विटा, चुना आणि उतार ह्यांचा हिशेब करू लागला. त्यातून १९८० च्या सुमारास मैल्यापासून वायू देणारे ‘मलप्रभा’ हे संयंत्र सिद्ध झाले. संडासाची नळी सरळ टाकीत जाते. मैल्यास कोणाचा हात लागत नाही, तो डोळ्यांस दिसत नाही. टाकीत तो पुरेसे दिवस राहिल्याने रोगजंतूंचा जोर ओसरतो. वायू स्वयंपाकघरात येतो आणि रेंदा खत होऊन बाहेर पडतो. ज्या वायूवर अन्न शिजवावयाचे तो कोठून आला, हा प्रश्न गृहिणीच्या मनातून जाण्यास जितका काळ लागला असेल तितका काळ डॉक्टर देहूतच राहिले. खरे संशोधन कदाचित हेच होय. मापुसकर २०१५ साली निवर्तले. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

ह्याच वाटेने पुण्याचे डॉ. आनंद कर्वे आणि १९९६ साली स्थापन झालेली त्यांची ग्रामोपयोगी तंत्रज्ञानाची संस्था पुढे गेली. महाराष्ट्रात ऊस तुटला की शेतात पाचट उरते आणि ते बहुधा तेथेच पेटवून दिले जाते. ह्या संस्थेने पाचट बंद पिंपांत घालून भट्टीत भाजण्याची रीत बसविली. त्यातून निघणारा वायूच भट्टीस जाळ पुरवितो आणि मागे उरलेल्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या पाडता येतात. ह्या कामाबद्दल संस्थेस २००२ साली विलायतेतील अॅश्डेन पारितोषिक मिळाले. खरकटे अन्न व पिठूळ टाकाऊ पदार्थ ह्यांवर चालणाऱ्या घरगुती वायुसंयंत्राबद्दल तेच पारितोषिक २००६ साली पुन्हा लाभले. शेणापेक्षा पिष्टमय पदार्थ पुष्कळ थोड्या वजनात आणि लवकर वायू देतात, कारण गायीने एकदा पचवून टाकलेल्या वस्तूत जंतूंसाठी फारसे काही उरलेले नसते, हा त्यामागील साधा पण दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला विचार होता.

आता उन्हाचेही दिवस पालटले आहेत. प्रकाशापासून सरळ वीज देणारा सिलिकनचा घट १९५४ साली अमेरिकेत निघाला, आणि २०१३ साली धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचे सौर विद्युत्केंद्र उभे राहिले. शेतीच्या पंपांस दिवसा उन्हाची वीज देण्याची योजना राज्याने २०१७ साली हाती घेतली. अॅडम्सांच्या अडीच अश्वशक्तीपासून हा पल्ला फार मोठा आहे.

तथापि ह्या सर्व हकीकतींतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. अॅडम्सांचे यंत्र चालले आणि संपले. मापुसकरांचे संडास कोसळले आणि तरी त्यांचे काम टिकले. पहिल्याच्या पाठीशी बुद्धी होती आणि प्रतिष्ठित प्रेक्षक होते. परंतु ज्याच्या घरी ते यंत्र राहावयाचे, असा कोणी धनी त्यास मिळाला नाही. दुसऱ्याच्या पाठीशी प्रेक्षक नव्हते. होती ती एका गावाची गरज आणि तेथेच ठाण मांडून बसण्याची तयारी. कल्पना प्रयोगशाळेत जन्मते हे खरे, पण ती जगते घराच्या परसात.

राजगडावर आज राजधानी नाही. सुट्टीच्या दिवशी गुंजवण्याच्या वाटेने हौशी मंडळींची रीघ मात्र लागते. त्यांच्यामागे राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या अमात्यांच्या आज्ञेप्रमाणे जाळता येत नाहीत. त्यांचा धूर विषारी आणि त्यांच्या राखेवर भाजी करण्याचा तर विचारही नको. म्हणजे आज्ञेचा शब्द जुना झाला. परंतु केर गडाखाली लोटू नये, हा तिचा गाभा जुना झालेला नाही. प्लॅस्टिकचा केर जाळणे किंवा पुरणे हे उत्तर नव्हे, आणि ते हाती येईपर्यंत वर नेलेली बाटली खाली परत आणण्यास तर कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.