टाचण

मामलेदार कचेरीतला कारकून एखाद्या गुंतागुंतीच्या प्रकरणाचा गोषवारा चार ओळींत उतरवून काढतो त्याला टाचण म्हणतात, आणि ते मूळ कागदाला ज्या वस्तूने अडकवितात तिला टाचणी. परंतु हे दोन्ही शब्द ज्या ‘टाचणे’ या क्रियापदाचे वंशज आहेत, त्याचा खरा संसार मला दप्तरात नव्हे, तर पेण-रोह्याकडच्या ओटीवर, पसरलेल्या गोधडीच्या भोवती दिसतो. पक्की शिवण घालण्यापूर्वी कापडाचे थर लांब टाक्यांनी तात्पुरते बांधून ठेवणे, हा टाचण्याचा अर्थ. पेशवे दप्तराचे कागदसुद्धा ज्या भाषेत ‘रुमालां’नी, म्हणजे कापडी गाठोड्यांच्या हिशेबाने, ओळखले जातात, तिथे शिवणीचा शब्द लेखणीला लागला यात नवल ते काय!

गोधडीचे गोत मोठे आहे. हिंदीत ती गुदडी, गुजरातीत गोदडी, कानडीत कौदी. संस्कृतात चिंध्यांच्या वस्त्रास कंथा म्हणत. नाथपंथी जोग्यांच्या वेषात ती आली, ‘भज गोविंदम्’मध्ये रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरणारा योगी आला, आणि बंगालने तर तो शब्द काँथा म्हणून आजवर सांभाळला. विरक्ताच्या अंगावर शोभलेली ही वस्तू मुळात गृहिणीच्या काटकसरीची आहे, असे माझे मत आहे.

कोकणच्या भाताच्या आणि खाजणाच्या जमिनीत कापूस पिकत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कापसाची रजई ओल धरून गोळा होते. म्हणून इकडे जुन्या कापडांचेच थर रचले गेले, जे धुता येतात आणि उघडीप मिळताच वाळतात. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, गावोगावचे चाकरमानी त्यांत राबू लागले, आणि धरमतरच्या खाडीने मुंबईशी जोडलेल्या या मुलखात गिरणीचे लुगडे घरोघर पोचले. गोधडीला खरी सुबत्ता तेव्हा आली.

आमच्या आजोळी हे काम चैत्र-वैशाखात, उन्हे कडक असताना निघे. लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन, कडकडीत वाळवून, त्यांचे जड काठ उसवून वेगळे केले जात, कारण काठाचे आणि अंगाचे कापड पाण्यात सारखे आटत नाही आणि मग गोधडीला घड्या पडतात. सारवलेल्या ओटीवर अखंड, मऊ लुगड्याचे अस्तर पसरीत. त्यावर विरलेल्या धोतरांचा आणि फाटक्या चादरींचा भर अशा बेताने की एका थराचे भोक दुसऱ्याच्या धडक्या भागाखाली यावे. आणि सर्वांत वर, घरातले सर्वांत देखणे कापड. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पायली, जे हाती लागेल ते वजन ठेवून आजी तळहाताने मधूनच कडेकडे सुरकुती सारीत नेई. टाचण्याची दिशाही तीच: आरंभ मध्यापासून, मग वीत-वीत अंतराने कडेपर्यंत, म्हणजे थरांत राहिलेला झोल बाहेर निघून जातो. कडेपासून टाचीत आलेल्या उतावीळ हाताची गोधडी मध्यभागी फुगते, आणि तो फुगवटा पुढे कितीही बारीक शिवणीने बसत नाही. या कामात घाई करणाऱ्या सुनांना आजी उसवायला लावी. मला ते तेव्हा निष्ठुर वाटे, आता वाटत नाही.

मग शेजारच्या बायका चहूबाजूंनी बसत आणि पक्का धावदोरा उलट वाटेने, कडेपासून आत, चौकोनात चौकोन काढीत मध्यापर्यंत येई. कचेरीतले टाचण प्रकरणाबरोबर दप्तरी दाखल होते. आजी मात्र शेवटचा टाका पडताच टाचलेला दोरा एका टोकाला धरून, तुटू न देता सावकाश ओढून काढी, आणि काडीला गुंडाळून पुढच्या गोधडीसाठी फडताळात ठेवून देई.