भुईची ओल आणि घराखालचा वारा

घराला पाण्याचें भय दोन दिशांनीं असतें. वरून येणारें पाणी प्रकट असतें. तें कौलांतून ठिबकूं लागलें कीं गृहस्थ लगेच शाकारणीला माणूस बोलावतो. खालून येणारें पाणी मात्र मुकाट्यानें येतें. त्याचा थेंब दिसत नाहीं, आवाज होत नाहीं. भिंतीला लोणा चढतो, पेटींतील वस्त्रांना कुबट वास येतो, तुळईच्या पोटीं बुरशीचें पांढरें जाळें पसरतें, आणि हें सर्व ध्यानांत येईपर्यंत लांकूड आंतून पोखरलेलें असतें. या मूक शत्रूला मनुष्यानें कोणत्या कल्पनेनें तोंड दिलें, हें पाहूं गेल्यास त्या इतिहासांत स्थापत्याइतकीच वैद्यकाची आणि कायद्याचीहि कथा आढळते. एक विचार खोटा ठरून मावळला तरी त्याच्या पोटीं जन्मलेला नियम पुढें किती वर्षें जगतो, याचें तें एक बोधप्रद उदाहरण आहे.

प्राचीनांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थपति व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडांत ओल्या जागेंतील भिंतींविषयीं स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. जमिनीपासून सुमारें तीन फुटांपर्यंत भिंतीला वाळूऐवजीं कुटलेल्या विटकुरीचा गिलावा करावा, असें तो सांगतो. भिंत सदैव ओलीच राहत असेल तर तिच्या आंतल्या बाजूस थोडें अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभारावी, मधल्या पोकळींतून पाणी वाहून जाण्यास वाट ठेवावी, आणि त्या पोकळीला खालीं व वर हवेचीं तोंडें ठेवावीं, असा त्याचा उपदेश आहे. ब्रिटनमधील रोमन छावण्यांत धान्याचीं कोठारें बांधीत, तेव्हां त्यांची भुई लहान खांबांवर किंवा बुटक्या भिंतींवर उचलून धरीत आणि बाहेरच्या भिंतींत झरोके ठेवीत. हेड्रियनच्या तटबंदीवरील हाउसस्टेड्स येथें त्या बुटक्या खांबांच्या रांगा आजहि पाहावयास मिळतात. पाण्याला वाट द्यावी आणि घर भुईपासून अलग करावें, हीं दोन तत्त्वें येथें स्पष्ट दिसतात. हवा खेळती ठेवणें हें त्यांच्या जोडीचें तिसरें तत्त्व होय.

एकोणिसाव्या शतकांत या तिसऱ्या तत्त्वाला विलक्षण महत्त्व आलें. आणि त्याचें कारण स्थपतींनीं नव्हे, वैद्यांनीं पुरविलें. म्यूनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर या विद्वानानें पटकीचा संबंध जमिनीशीं व भूजलाच्या चढउताराशीं जोडला. भूमींत कांहीं तरी पक्व होतें, आणि तें भूमींतील हवेबरोबर घरांत शिरतें, अशी त्याच्या मताची दिशा होती. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सचा डॉक्टर हेन्री बौडिच यानें १८६२ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, ओलसर जमीन हें क्षयाचें एक प्रमुख कारण होय. इंग्लंडांत १८७५ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला, आणि १८७७ मध्यें स्थानिक कारभार मंडळानें जे नमुना-नियम प्रसिद्ध केले, त्यांत भिंतीच्या पायथ्याशीं ओल अडविणारा थर आणि गरज असेल तेथें घराखालच्या भुईवर डांबराचें किंवा काँक्रीटचें आच्छादन यांची तरतूद झाली. लांकडी तक्तपोशीच्या खालीं पोकळी ठेवून भिंतींत छिद्रांच्या विटा बसविण्याची चालहि तेथें रूढ झाली.

ही विचारसरणी आपल्याकडेहि येऊन पोंचली होती, आणि तिचा अनुभव महाराष्ट्राला मोठा कडवट आला. १८९६ मध्यें मुंबईंत व १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगानें कहर केला, तेव्हां रोगाचें बीज घराच्या भुईंत दडलेलें असतें या समजुतीनें कित्येक घरांच्या जमिनी उकरून टाकण्यांत आल्या. पुढें १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ यानें कराची येथें प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखविलें. क्षयाचा जंतु तर रॉबर्ट कॉख यानें १८८२ मध्येंच दाखवून दिला होता. भूमीची वाफ हेंच रोगाचें मूळ ही कल्पना अशा रीतीनें पराभूत झाली. परंतु तिनें शिकविलेली एक गोष्ट लोकांच्या मनांत खोल रुजून राहिली: कोंडलेली हवा वाईट, वाहती हवा चांगली. ही शिकवण इतकी उघड सत्य वाटे कीं, कोणती हवा, कोणत्या ऋतूंत, कोणत्या देशांत, असे प्रश्न विचारण्याची कोणाला गरजच भासली नाहीं.

याच शिकवणीचा पुढला अवतार अमेरिकेंतील घरांखालीं पाहावयास मिळतो. तेथील असंख्य घरें लांकडी असून त्यांची भुई जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असते. खालच्या पोकळींत मनुष्याला उभें राहतां येत नाहीं, रांगत जावें लागतें. म्हणून तिला 'क्रॉल स्पेस' असें नांव पडलें. आपण तिला तळपोकळी म्हणूं. दक्षिणेकडील जुनीं घरें विटांच्या सुट्या खांबांवर उभीं असत आणि त्यांच्या खालून वारा मोकळेपणानें वाहे. पुढें खांबांच्या जागीं चोहोंकडून सलग भिंत आली. पोकळी कोंडली गेली, खालची माती मात्र उघडीच राहिली, आणि तुळया कुजूं लागल्या. यावर सुचलेला उपाय सरळ होता: भिंतीला झरोके पाडा. १९३४ च्या कायद्यानें स्थापन झालेली फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था घरांच्या कर्जांना हमी देई. अर्थात् तिनें घालून दिलेलीं बांधकामाचीं मानें पाळल्यावांचून बांधणाऱ्याचें चालत नसे. १९४० नंतरच्या दशकांत झरोक्यांविषयीं प्रमाणें ठरत गेलीं, आणि भुईच्या क्षेत्रफळाच्या एकशेंपन्नासाव्या भागाइतकें झरोक्यांचें क्षेत्रफळ असावें, हें माप पुढें देशभरच्या इमारत-संहितांतून कायम झालें.

आतां या उपायाची परीक्षा निसर्गनियमांच्या कसोटीवर करूं. हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्प धारण करण्याची शक्ति अधिक. तीस अंश सेंटिग्रेड उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम बाष्प वाहूं शकते. वीस अंशांवर हीच शक्ति सुमारें १७ ग्रॅमांवर येते. उन्हाळ्यांतील दमट दिवशीं बाहेरची हवा तीस अंशांची व तिची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरांत सुमारें २३ ग्रॅम बाष्प असतें. ही हवा झरोक्यांतून थंड तळपोकळींत शिरली आणि वीस अंशांपर्यंत निवाली, म्हणजे जवळ जवळ सहा ग्रॅम पाणी तिला टाकून द्यावेंच लागतें. तें पाणी तुळयांवर, नळांवर आणि भुईच्या पोटाशीं दंवासारखें जमतें. घर सुकविण्यासाठीं बोलाविलेला वारा अशा वेळीं पाणक्याचें काम करतो! घरांतून यंत्रांनीं थंडावा निर्माण होऊं लागला, तसा हा दोष अधिकच वाढला. कारण वरची खोली थंड झाली कीं खालची तक्तपोशीहि थंड होते.

याचा अर्थ झरोके सर्वत्र निरुपयोगी, असा मात्र नव्हे. हिंवाळ्यांत किंवा कोरड्या प्रदेशांत बाहेरची हवा खरोखरच रुक्ष असते, आणि ती पोकळींतील ओल उचलून नेते. इंग्लंडचा उन्हाळा सौम्य. तेथें छिद्रांच्या विटांनीं पुष्कळ घरें राखलीं. दोष झरोक्यांचा नव्हता. एका देशकालाचें औषध सर्व देशकालांना एकाच मात्रेंत देण्याचा होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ओलीचें उगमस्थान हवा नसून भूमि होय. उघडी माती वरून कोरडी दिसली, तरी खालचें पाणी केशाकर्षणानें वर चढून अहोरात्र बाष्परूपानें उडत असतें. न्यूझीलंडमध्यें झालेल्या मोजणीनुसार शंभर चौरस मीटरांच्या घराखालून दिवसाला सुमारें चाळीस लिटर पाणी अशा रीतीनें वर येऊं शकतें. दररोज घराखालीं दोन-तीन घागरी पाणी ओतावें, तसाच हा प्रकार. अमेरिकेंतील संशोधक राल्फ ब्रिटन यानें १९४८ च्या सुमारास हेंच जाणून सुचविलें कीं, माती प्रथम झांकावी. ती झांकली असतां झरोके पुष्कळ कमी चालतील. त्या काळीं आच्छादनासाठीं डांबरी कागदाच्या गुंडाळ्या वापरीत. पुढें पॉलिथिन आलें. १९३३ मध्यें इंग्लंडांतील एका रसायनशाळेंत दुसराच प्रयोग चालूं असतां अकल्पितपणें हातीं आलेला हा पदार्थ, अवघ्या दीड दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या रूपानें, घराखालच्या भूमीवर अंथरतां येऊं लागला. पण संहितेंत मुख्य स्थान झरोक्यांकडेच राहिलें. आच्छादन ही त्यांतून सूट मिळविण्याची एक सवलत ठरली. क्रम उलटा झाला तो असा.

हा क्रम सुलटा होण्यास जवळ जवळ अर्धें शतक लागलें. १९९४ मध्यें विल्यम रोज आणि अँटन टेनवोल्ड या अभ्यासकांनीं या विषयावरील चर्चेचा आढावा घेतला, तेव्हां तळपोकळीच्या झरोक्यांची सक्ति करण्यास शास्त्राचा कोणताहि बळकट आधार नाहीं, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. त्यानंतर प्रत्यक्ष घरांवर पाहणी झाली, ती नॉर्थ कॅरोलिनांतील प्रिन्सव्हिल या गांवीं. या गांवाचा इतिहास सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्यें मुक्त झालेल्या गुलामांनीं टार नदीच्या कांठच्या सखल, पूरग्रस्त भूमीवर वस्ती केली. उंच व कोरडी जमीन दुसऱ्यांच्या मालकीची होती. या लोकांच्या वांट्यास ओली भुई आली. १८८५ मध्यें या वस्तीला स्वतंत्र गांवाचा अधिकार मिळाला. १९९९ च्या सप्टेंबरांत फ्लॉइड नांवाच्या वादळानें तें सबंध गांव पाण्याखालीं घातलें; २०१६ मध्यें पुन्हां पूर आला. पहिल्या पुरानंतर जीं नवीं घरें बांधलीं गेलीं, त्यांपैकीं सारख्या नमुन्याच्या बारा घरांवर अॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेनें लक्ष ठेविलें. कांहीं घरांना नियमाप्रमाणें झरोके होते. इतरांची तळपोकळी बंद करून, भुई व भिंती आच्छादून, आंतील हवा किंचित् सुकविण्याची सोय केली होती. झरोक्यांच्या घरांतील भुईहि प्लॅस्टिकनें झांकलेली होती. तथापि उन्हाळ्याचा बराच काळ तेथील आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली. बंद पोकळ्यांत ती बहुधा ७० टक्क्यांच्या खालीं होती, आणि घर थंड व उबदार राखण्याचा इंधनखर्चहि सुमारें १५ टक्के किंवा त्याहून अधिक वांचला. या निष्कर्षांनंतर त्या राज्यानें आपले नियम सुधारले. २००६ च्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेंतहि बंद तळपोकळीस अटींसह मान्यता आहे.

अटी शब्दावर येथें भर दिला पाहिजे. बंद पोकळी म्हणजे डोळे मिटून घेतलेली पोकळी नव्हे. छपराचें पाणी पायापासून दूर गेलें पाहिजे, बाहेरची जमीन घरापासून उतरती पाहिजे, आच्छादनाचे सांधे नीट मिळाले पाहिजेत, भूमींतून रेडॉन वायु येत असेल तर त्याला नळानें बाहेरची वाट दिली पाहिजे, आणि वाळवीची पाहणी करण्यास जागा मोकळी ठेविली पाहिजे. यांतील एकहि गोष्ट सोडून केवळ झरोके बुजविणारा मनुष्य जुन्या चुकीच्या जागीं नवी चूक करील.

आपल्याकडे बहुतेक घरांना तळपोकळी नसते. देशावर काळ्या दगडाचें व कोंकणांत जांभ्याचें भरीव जोतें बांधून त्यावर घर उभें करण्याची आपली रीत; पागोळ्यांचें पाणी जोत्यापासून दूर पडावें म्हणून छपराच्या वळचणी पुढें काढलेल्या असतात. पाणी घरापासून तोडावें, हें तत्त्व यांत उत्तम साधलें आहे. पण जोत्यांतूनहि केशाकर्षणानें ओल चढतेच, हें आपल्या भिंतींवरील लोणाच सांगतो. तेव्हां पूर्वजांच्या चातुर्यावर विसंबून स्वस्थ बसण्यास आपल्यालाहि जागा नाहीं. आणि पावसाळ्यांत ओल घालविण्यासाठीं खिडक्या सताड उघड्या टाकणारा गृहस्थ एकशेंपन्नासाव्या भागाच्या नियमाहून कांहीं वेगळें करीत नसतो.

वाहती हवा चांगली हें वाक्य खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. अपुऱ्या सत्याला आंकड्याचें रूप मिळालें आणि तो आंकडा संहितेंत जाऊन बसला, म्हणजे त्याला प्रश्न विचारणें खोट्या समजुतीला प्रश्न विचारण्याहूनहि अवघड होतें. पेटेनकोफरच्या मताचा पराभव प्रयोगशाळेंत थोड्या वर्षांत झाला. त्याच काळच्या मनोवृत्तींतून निघालेल्या झरोक्यांना मात्र घराखालीं एक आर्द्रतामापक नेऊन ठेवीपर्यंत कोणी धक्का लावला नाहीं. तें मापक शेवटीं ठेविलें गेलें तें, ज्यांना पिढ्यान् पिढ्या ओल्या भुईवर राहावें लागलें, त्या लोकांच्या घरांखालीं. त्या मोजणीचा लाभ मात्र आतां कोरड्या व उंच जमिनीवरील घरांनाहि मिळतो आहे.