प्रकृतिविचार व आनुवंशिकी

आयुर्वेदात वात, पित्त व कफ या दोषांच्या प्राधान्यावरून माणसाची प्रकृती ठरवितात. ती गर्भावस्थेतच निश्चित होते व औषधयोजना तीनुसार करावयाची असते, असे चरकसंहितेत मानले आहे. प्रकृती जन्मजात असेल, तर तिचा जीनांशी (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या घटकांशी) संबंध असला पाहिजे, या गृहीतकावर पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन यांनी संशोधन केले.

कल्पना जोशी व अरविंद चोप्रा यांच्यासह त्यांनी ७६ व्यक्तींवर केलेले अध्ययन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रकृती व प्रतिरक्षेशी निगडित एचएलए जीन यांत सहसंबंध दिसून आला. पुढे २०११ मध्ये, औषधांचे यकृतात रूपांतर करणाऱ्या एका एंझाइमाच्या जीनाचे १३२ निरोगी व्यक्तींमध्ये परीक्षण झाले. हे रूपांतर मंद गतीने करणारा जीनप्रकार कफप्रकृतीच्या ३१ टक्के, तर पित्तप्रकृतीच्या ९ टक्के व्यक्तींत आढळला. औषधाची मात्रा ठरविण्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

दिल्ली येथे मिताली मुखर्जी व सहकाऱ्यांनी २००८ पासून याच दिशेने संशोधन प्रसिद्ध केले. त्यास ‘आयुर्जीनोमिक्स’ म्हणतात. हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने पटवर्धन यांच्या सहकार्याने केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात ३,४१६ पुरुषांमधून निवडलेल्या २६२ जणांचे जीनोम तपासले. त्यात पीजीएम१ या जीनाचा पित्तप्रकृतीशी संबंध आढळला.

तथापि हे नमुने लहान आहेत आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. प्रकृतीनुसार दिलेले औषध अधिक गुणकारी ठरते किंवा काय, हे रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांनीच ठरू शकेल.