अमेरिकेतील निवडणुका आणि कंपन्यांचा पैसा : बंदी कायम, वाटा मोकळ्या

अमेरिकेत कोणत्याही कंपनीला आपल्या तिजोरीतून अध्यक्षपदाच्या अथवा संसदेच्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही. १९०७ पासून लागू असलेली ही बंदी आजही कायम आहे. तरीही २०२४ च्या निवडणुकीत मुख्यत्वे क्रिप्टो उद्योगाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘फेअरशेक’ आणि तिच्या सहयोगी समित्यांनी प्रचारावर १३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. कायद्याने दार बंद असताना हा पैसा आत आला कसा, याचे उत्तर ‘देणगी’ आणि ‘खर्च’ या दोन शब्दांमध्ये न्यायालयांनी केलेल्या भेदात आहे.

बंदीचा उगम

१९०४ च्या निवडणुकीत थिओडोर रूझवेल्ट अध्यक्षपदी निवडून आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील चौकशीत, मोठ्या विमा कंपन्यांनी त्यांच्या रिपब्लिकन पक्षाला देणग्या दिल्याचे उघड झाले. हा पैसा अखेर विमाधारकांचा होता. लोकक्षोभ उसळल्यावर खुद्द रूझवेल्ट यांनीच बंदीची मागणी केली आणि १९०७ मध्ये टिलमन कायदा संमत झाला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या प्रचारखर्चावरही निर्बंध घातले. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, देणग्या आणि खर्च या दोहोंना मर्यादा घालण्यात आल्या व देखरेखीसाठी संघीय निवडणूक आयोग स्थापन करण्यात आला.

न्यायालयाने आखलेली रेषा

दोनच वर्षांत, ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने यातील निम्मी चौकट मोडीत काढली. देणगीतून देवाणघेवाणीचा भ्रष्टाचार संभवतो, म्हणून तिच्यावरील मर्यादा वैध. प्रचारखर्च मात्र मतप्रदर्शनाचे साधन असल्याने त्याला राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण, असा हा निर्णय होता.

२१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात हे संरक्षण कंपन्या व कामगार संघटनांनाही लाभले. हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणाऱ्या चित्रपटाच्या प्रसारणावरून उद्भवलेल्या या खटल्याचा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार उद्भवत नाही, असे बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी म्हटले. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सविस्तर असहमती नोंदवली. त्याच वर्षी मार्चमध्ये अपील न्यायालयाच्या निकालाने केवळ स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांवरील देणगीमर्यादा उठली आणि ‘सुपर पॅक’ समित्यांचा जन्म झाला.

पैशाच्या वाटा

सुपर पॅकला कंपनीकडून कितीही रक्कम घेता येते. मात्र देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. समाजकल्याणाच्या नावाखाली नोंदलेल्या ना-नफा संस्थांना सहसा तेही बंधन नाही. अशी संस्था सुपर पॅकला पैसे देते तेव्हा नोंदीत संस्थेचे नाव दिसते, मूळ देणगीदाराचे नव्हे. याच निधीला अमेरिकेत ‘डार्क मनी’ म्हणतात. ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालात आठ न्यायमूर्तींनी पारदर्शकतेच्या तरतुदी वैध ठरवल्या होत्या. मतदाराला पैशाचा स्रोत कळेल, या गृहीतकालाच या वाटेने छेद दिला. निवडणूक आयोगाच्या सहा जागांपैकी एका पक्षाला तीनहून अधिक देता येत नाहीत आणि कारवाईला चार मते लागतात; त्यामुळे पक्षनिहाय मतभेद झाल्यास प्रकरण तेथेच थांबते.

ओहायो आणि मोन्टाना

ओहायोचे सिनेटर शेरॉड ब्राऊन हे सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष आणि क्रिप्टो उद्योगाचे टीकाकार होते. २०२४ मध्ये त्यांच्या पराभवासाठी फेअरशेकच्या सहयोगी समितीने सुमारे चार कोटी डॉलर खर्च केले. रिपब्लिकन उमेदवार बर्नी मोरेनो विजयी झाले. त्या वर्षीच्या निवडणुकांत या समित्यांच्या बहुतांश जाहिरातींमध्ये क्रिप्टोचा उल्लेखही नव्हता. निकालामागे इतर कारणेही असतात. परंतु समित्यांच्या पैशाचा उद्देश एक आणि मतदारापुढे मांडलेला विषय दुसरा, हे या मोहिमेने दाखवून दिले.

मोन्टाना राज्याचा अनुभव याहून जुना आहे. तांब्याच्या खाणमालकांच्या पैशाने तेथील राजकारण ग्रासल्यावर नागरिकांनी १९१२ मध्ये स्वतःच्या मतदानाने कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती राखली. मात्र जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्दबातल ठरवली.

दोन बाजू, दोन देश

निकालाच्या समर्थकांचा युक्तिवाद हलका नाही. वृत्तपत्रेही बहुधा कंपन्यांच्याच मालकीची असतात. कोणी किती बोलावे हे सरकारने ठरवू नये, असे ते म्हणतात. नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’नेही या खटल्यात ‘सिटिझन्स युनायटेड’ची बाजू उचलून धरली होती. निकाल बदलायचा तर न्यायालयाने भूमिका बदलावी लागेल किंवा घटनादुरुस्ती करावी लागेल. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची मुभाही घटनाबाह्य ठरवली. कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यावसायिक व्यवहार असतो, त्यामुळे कंपनी आणि व्यक्ती यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात नमूद आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने नेमका हाच भेद २०१० मध्ये अमान्य केला होता.